दगडांवरचा इतिहास वाचणारे मांद्रेचे वैद्य : डॉ. भाऊ दाजी लाड

अजिंठ्याची लेणी, गिरनारच्या पायथ्याचा शिलालेख, दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभ आणि चाळीसगावजवळच्या जंगलातील पाटणादेवी ही चार स्थळे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. गोव्यातून सहलीला निघणारा प्रवासी यांपैकी एखादे तरी पाहून येतो. तेथील वाटाड्या राजांची नावे, वंशावळी आणि शतके घडाघडा सांगतो. ही माहिती प्रथम दगडावरून आणि लोखंडावरून उतरवून जगापुढे मांडणाऱ्यांत पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेल्या एका वैद्याचा वाटा फार मोठा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांचे नाव.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा. पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली येऊन तेव्हा जेमतेम तीन-साडेतीन दशके झाली होती. गावात राहून विद्येची वाट फार लांब जाणारी नव्हती. कुटुंब मुंबईस आले आणि मुलाचे दैव पालटले. बुद्धिबळाच्या पटावरील त्याची चमक एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेत भरली आणि त्याच्या आग्रहावरून वडिलांनी मुलाला इंग्रजी शिक्षण द्यायचे ठरवले, असे चरित्रकार नमूद करतात. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून तेथेच ते अध्यापन करू लागले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. एखाद्या गोष्टीचा पुरावा गोळा करायचा, तो पारखायचा आणि मग निष्कर्ष काढायचा, ही त्यांची पद्धत या तरुण वयातल्या लेखनातही दिसते.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत दाखल झाले. १८५१ मध्ये तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. कुष्ठरोगावर देशी वनस्पतींतून औषध शोधण्याचा भाऊंचा ध्यास मोठा होता. पश्चिम घाटातील रानांत आढळणाऱ्या कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा त्यांनी रुग्णांवर उपयोग करून पाहिला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शाळांचे ते खंबीर पाठीराखे होते. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात करसनदास मुळजी यांच्या बाजूने साक्ष देण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले. १८६९ आणि १८७१ अशा दोन वेळा त्यांना मुंबईचे शेरीफपद मिळाले.

एवढा व्याप एका आयुष्याला पुरेसा होता. परंतु दवाखान्यातून उरलेला वेळ आणि मिळालेला पैसा भाऊंनी वेगळ्याच कामात घातला. जुनी नाणी, हस्तलिखिते, ताम्रपट आणि शिलालेख यांचा शोध त्यांनी आरंभला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत ते आपले निबंध वाचीत आणि तिच्या नियतकालिकात ते छापले जात. या संशोधनात तेव्हा युरोपीय अधिकारी व पंडित यांचाच वरचष्मा होता. त्यांना शास्त्री मंडळी साहाय्य करीत, परंतु अर्थनिर्णयाचा अधिकार बहुधा साहेबाकडे असे. संस्कृत जाणणारा, इंग्रजीत निर्भयपणे वाद घालणारा आणि स्वतःच्या खर्चाने पुरावा जमवणारा एतद्देशीय संशोधक ही त्या सभेत नवलाची गोष्ट होती.

अजिंठ्याचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १८१९ मध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघुर नदीच्या घळीत पोहोचला आणि ही लेणी युरोपीय जगाला ठाऊक झाली. त्यानंतर तेथे जो जाई तो भित्तिचित्रांनी भारावून परते. रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने अनेक वर्षे तेथे घालवून चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांपैकी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या आगीत जळून गेल्या. पण ही लेणी कोणी खोदवली, कोणाच्या राज्यात आणि केव्हा, याचे उत्तर चित्रांत नव्हते. ते भिंतींवरच्या झिजलेल्या अक्षरांत होते.

लेणी त्या काळी निजामाच्या मुलखात होती. रेल्वे सह्याद्री ओलांडण्याच्या खटपटीत होती आणि फाट्यापुढचा रस्ता गाडीने, घोड्याने किंवा पायीच कापावा लागे. भोवती दाट रान होते आणि त्यात वाघांचा वावर होता. भाऊ दाजी स्वतः तेथे गेले, लेखांच्या नकला घेतल्या आणि मूळ दगडाशी त्या ताडून पाहिल्या. १८६३ च्या सुमारास त्यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांचे ठसे, वाचन आणि भाषांतर प्रसिद्ध केले. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेखात त्यांना वाकाटक राजांची मालिका आढळली. विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंत चालत आलेल्या त्या वंशाच्या एका मंत्र्याने, वराहदेवाने, ते लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले होते. विस्मृतीत गेलेल्या वाकाटकांचे नाव अजिंठ्याशी जोडले गेले ते या वाचनामुळे.

ते वाचन निर्दोष नव्हते. पाण्याने आणि वटवाघळांच्या विष्ठेने खराब झालेल्या ओळींत काही राजांची नावे निसटली होती. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन पंडित ब्यूलर यांनी तो लेख पुन्हा वाचला. १९३९ मध्ये वाशीम येथे वाकाटकांचा ताम्रपट सापडला आणि त्याच्या आधारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखातील सर्वसेन या राजाचे हरवलेले नाव जागेवर बसवले. शिलालेखाचे काम असेच चालते. एकाने लावलेली ओळ दुसरा दुरुस्त करतो. मात्र दुरुस्तीसाठी आधी कोणीतरी ती ओळ लावलेली असावी लागते.

हे काम करताना भाऊंना एक विलक्षण सहकारी लाभला. जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाने गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या प्रचंड शिळेवरील अक्षरे स्वतःच्या हिकमतीने वाचायला शिकून घेतली होती. ‘रासमाला’कार किनलॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीवरून १८६१ मध्ये भाऊंनी त्यांना मुंबईस बोलावले. त्या एकाच शिळेवर सम्राट अशोकाचे आदेश आहेत, क्षत्रप रुद्रदामन्‌चा संस्कृत लेख आहे आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेखही आहे. मौर्यांच्या वेळी बांधलेल्या सुदर्शन तलावाचा बांध फुटल्याची आणि तो पुन्हा बांधल्याची हकिगत त्यांत नोंदलेली आहे. भगवानलालांनी घेतलेल्या कापडी ठशांवरून भाऊंनी रुद्रदामन् व स्कंदगुप्ताच्या लेखांचे सुधारलेले वाचन प्रसिद्ध केले. गिरनारच्या डोंगराभोवतीचे रान २००८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. सिंह पाहायला जाणारा प्रवासी त्या शिळेवरूनच पुढे जातो.

पुढील तेरा वर्षे भाऊंच्या वतीने भगवानलाल भारतभर फिरले. माळवा, मथुरा, प्रयाग, राजस्थान, पंजाब अशा प्रदेशांतून नाणी, ठसे आणि टिपणे मुंबईस येत राहिली. प्रवासाचा खर्च भाऊंचा, पायपीट भगवानलालांची, इंग्रजी मांडणी भाऊंची आणि छापील निबंधावर नावही बहुधा भाऊंचेच. या श्रेयविभागणीवर पुढील संशोधकांनी बोट ठेवले आहे आणि ते रास्तही आहे. परंतु इंग्रजीचा परिचय नसलेल्या त्या तरुणाला सोसायटीच्या दारापर्यंत आणणारे भाऊच होते, हेही तितकेच खरे. भाऊंच्या पश्चात भगवानलाल स्वतंत्रपणे लिहू लागले, १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली.

मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा असा भाऊंचा शोध खानदेशातला आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटण नावाचे ओस पडलेले प्राचीन गाव होते. तेथील भवानीच्या देवळात भाऊंना शके ११२८ चा शिलालेख मिळाला. ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सामंतांनी त्यासाठी दान दिले, असे त्या लेखात नमूद आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात असला तरी शेवटचा मजकूर जुन्या मराठीत आहे. बाजारातील खरेदी-विक्रीवर आणि तेलाच्या घाण्यावर मठासाठी काय घ्यावे, याचा तो साधा व्यवहारी तपशील आहे. राजाची स्तुती देवभाषेत आणि तेलाचा हिशेब लोकभाषेत, हा आठशे वर्षांपूर्वीचा व्यवहार त्यामुळे आपल्या नजरेस येतो. आज हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो.

१८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भाऊंचा प्राचीन ज्योतिर्विदांच्या काळावरील निबंध प्रसिद्ध झाला. पाटणच्या लेखाची माहिती त्यातच आहे. ‘आर्यभटीया’ची हस्तलिखिते मिळवून त्यांनी त्यातील कालनिर्देशावरून आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६ मध्ये झाल्याचे दाखवले, त्याच नावाचा दुसरा ज्योतिषी नंतरच्या काळात होऊन गेल्याचे स्पष्ट केले आणि नावाचा खरा उच्चार ‘आर्यभट्ट’ नसून ‘आर्यभट’ आहे, हेही सांगितले.

भाऊंचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. काश्मीरचा मातृगुप्त आणि कवी कालिदास हे एकच होत, हे त्यांचे मत पुढील विद्वानांनी स्वीकारले नाही. तर्काच्या जोरावर उभारलेला हा इमला पडला. जे त्यांनी दगडासमोर उभे राहून किंवा काळजीपूर्वक घेतलेला ठसा पुढ्यात ठेवून वाचले, ते मात्र पायासारखे राहिले आणि त्यावर इतरांनी मजले चढवले.

जे जागेवरून हलवता येते ते जतन करण्यासाठी संग्रहालय हवे, हेही त्यांनी ओळखले होते. मुंबईतील पहिला सरकारी संग्रह १८५७ च्या धामधुमीत विस्कटला. तो पुन्हा उभा करण्यासाठी जॉर्ज बर्डवुड यांच्यासह भाऊंनी वर्गणी जमवली. जगन्नाथ शंकरशेट यांचे पाठबळ लाभले. १८६२ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत पायाभरणी झाली आणि १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी खुले झाले. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती विलायतेस नेण्याच्या खटपटीत मोडला होता. जोडून उभा केलेला तो हत्ती आज याच आवारात आहे. पलीकडे प्राण्यांचे पिंजरे, अलीकडे जुन्या वस्तूंची दालने. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी वन्यजीव आणि इतिहास यांची पहिली ओळख एकाच कुंपणाच्या आत करून घेतली.

मे १८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले. वय अवघे बावन्न. जमवलेल्या साधनांच्या मानाने लिहून झालेले फार थोडे होते. त्यांचे विखुरलेले निबंध १८८८ मध्ये कलकत्त्यास एकत्र छापले गेले. १९७५ मध्ये भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्या इमारतीच्या नेटक्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

त्यांचे एक महत्त्वाचे वाचन मात्र त्यांना छापील रूपात पाहता आले नाही. मेहरौलीच्या लोहस्तंभावरील लेख जेम्स प्रिन्सेप यांनी १८३८ मध्ये प्रथम उलगडला होता. तेव्हा राजाचे नाव त्यांनी ‘धव’ असे वाचले आणि तीन दशकांहून अधिक काळ तेच चालत राहिले. १८७१ मध्ये भगवानलालांनी स्तंभाचा कापडी ठसा नव्याने घेतला. तो समोर ठेवून भाऊंनी अक्षरे पुन्हा तपासली आणि ते नाव ‘चंद्र’ असल्याचे ठरवले. हा राजा म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. निबंध १८७५ मध्ये छापून आला, तेव्हा भाऊंना जाऊन वर्ष उलटत आले होते. दोन अक्षरांची ती दुरुस्ती आजवर कायम आहे.