हसू मोजणारा मुलगा

‘फाइंडिंग नेव्हरलँड’ पाहिलाय? २००४चा सिनेमा, जॉनी डेप आणि केट विन्स्लेट. त्यात वडील गमावलेला पीटर नावाचा एक छोटा मुलगा आहे. खेळायला तयार नाही, कल्पनेत रमायला तयार नाही. मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलतात, असं त्याच्या मनानं घेतलंय. बॅरी नावाचा नाटककार त्याला हळूहळू पुन्हा खेळात ओढतो. आपण डोळे पुसत उठतो आणि ‘काय मस्त माणूस होता यार’ म्हणतो. पण मुळात या माणसाला दुःखातल्या मुलाची भाषा कळली कशी? ते सिनेमा सांगतो, पण अगदी ओझरतं. त्यासाठी तुम्हाला स्कॉटलंडमधल्या किरीम्यूर या गावी जावं लागेल.

जेम्स मॅथ्यू बॅरीचा जन्म तिथला, ९ मे १८६०चा. वडील विणकर, घरात दहा भावंडं, हा नववा. आईचा जीव होता तो थोरल्या डेव्हिडवर. हुशार, देखणा, पुढे धर्मोपदेशक होईल अशी तिची खात्री. जानेवारी १८६७मध्ये डेव्हिड बर्फावर स्केटिंगच्या वेळी पडला, डोक्याला मार लागला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याला चौदावं वर्ष पूर्ण होणार होतं.

आईनं अंथरूण धरलं. जेम्स तेव्हा सहा वर्षांचा. थोरल्या बहिणीनं त्याला सांगितलं की आत जा आणि तुला अजून एक मुलगा आहे, हे आईला सांग. तो अंधाऱ्या खोलीत गेला. चाहूल लागताच आईनं विचारलं, तूच का? ती गेलेल्या मुलाला विचारतेय हे त्या पोराला कळलं. तो नाही, मीच आहे, एवढंच त्याला सांगता आलं. विचार करा, सहाव्या वर्षी स्वतःच्याच घरात ‘मीच आहे’ म्हणून सांगावं लागणं!

मग त्यानं कामच हाती घेतलं. आईला हसवायचं. ती किती वेळा हसली, याच्या रेघा तो एका कागदावर ओढायचा आणि डॉक्टर आले की त्यांना तो हिशेब दाखवायचा. डेव्हिडची शीळ कशी असायची, ते त्यानं शिकून घेतलं. त्याचे कपडे चढवले, त्याच्यासारखे पाय फाकवून, खिशात हात घालून आईसमोर उभा राहिला. एका मेलेल्या मुलाची जागा भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. जमला नाही, जमणारच नव्हता. आईला शेवटी आधार मिळाला तो एकाच विचाराचा. डेव्हिड आता कधी मोठा होणार नाही, कायम तिचं लेकरूच राहील.

कायम लहान राहणारा मुलगा. आलं लक्षात?

अर्थात पीटर पॅन यायला अजून बराच वेळ होता. बॅरी एडिंबरा विद्यापीठातून १८८२मध्ये एम.ए. झाला. डेव्हिड जे होणार होता ते यानं व्हावं, असा घरचा सूर होता. याला मात्र लिहायचंच होतं. आधी नॉटिंगहॅमला वृत्तपत्रात नोकरी, मग १८८५मध्ये लंडन. नाव झालं, पैसा आला. उंची मात्र सव्वापाच फुटांच्या आसपासच राहिली. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये तो आपला पोर्थोस नावाचा भलामोठा कुत्रा घेऊन फिरायचा. तिथेच त्याची ल्युएलिन डेव्हिस कुटुंबातल्या मुलांशी गट्टी जमली. त्यांच्याबरोबरच्या खेळांतून ‘पीटर पॅन’ हे नाटक उभं राहिलं आणि २७ डिसेंबर १९०४ला लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये रंगमंचावर आलं.

उडणं, चाचे, परी, मगर. सगळी धमाल. पण या गोष्टीत एक खिडकी आहे. पीटर एकदा घरी परततो, तर खिडकी बंद आणि आईजवळ दुसराच मुलगा झोपलेला. आता किरीम्यूरची ती खोली आठवा. आत झोपलेला मुलगाही बॅरीच आणि बाहेर थांबलेलाही तोच, असं वाटतं की नाही?

सिनेमात बॅरी भेटतो तेव्हा मुलांचे वडील आधीच वारलेले असतात. प्रत्यक्षात वडील आर्थर तेव्हा हयात होते. ते कॅन्सरनं १९०७मध्ये गेले, आई सिल्व्हिया १९१०मध्ये. मागे राहिली पाच मुलं. सिनेमात चारच आहेत. धाकटा निको गाळलाय. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बॅरी अंधाऱ्या खोलीत शिरला होता, त्याच वयाचा. बॅरी मुलांचा पालक झाला, शिक्षणाचा खर्च उचलला.

पण इथून पुढे सगळं छान झालं, असं नाही हं. जॅकचं त्याच्याशी फारसं जुळलं नाही. पीटरला त्या नाटकातल्या नावाचा आयुष्यभर जाच झाला. जॉर्ज १९१५मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. बॅरीचा लाडका मायकल मे १९२१मध्ये ऑक्सफर्डजवळ पाण्यात बुडाला, वय २०. बॅरी पार कोलमडला. तरी वर्षभरानं, मे १९२२मध्ये, तो सेंट अँड्र्यूज विद्यापीठात उभा राहिला आणि तुमच्याच वयाच्या मुलांसमोर बोलला. विषय होता धैर्य.

१९२९मध्ये त्यानं ‘पीटर पॅन’चे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले. १९ जून १९३७ला तो गेला. त्याला किरीम्यूरलाच, घरच्यांच्या शेजारी पुरलं. ब्रिटनमध्ये त्या नाटकाची रॉयल्टी त्या हॉस्पिटलला कायम मिळत राहावी, म्हणून १९८८मध्ये तिथल्या संसदेनं खास तरतूद केली.

गोष्ट सांगून दुःख जातं का? बॅरीकडे पाहिलं तर नाही. त्याला ते जन्मभर पुरलं. पण गोष्टीमुळे दुःखाला बसायला एक जागा मिळते आणि शेजारी दुसरं कुणी येऊन बसू शकतं. सहा वर्षांच्या जेम्सला तेवढंही मिळालं नव्हतं. भाऊ त्याचाही गेला होता; पण कागदावरच्या सगळ्या रेघा आईच्या हसण्याच्या होत्या. तो स्वतः किती वेळा हसला, हे कुणी मोजलं नाही.

आपल्याकडे कुणी गेलं की मोठ्यांभोवती नातेवाईक जमतात, चहा फिरतो, फोन वाजत राहतात. पोरांना शेजारी पाठवलं जातं किंवा हातात मोबाइल दिला जातो. लहान आहे, त्याला काय कळतंय, असं कुणीतरी म्हणतंच. त्या घरात तुम्ही ना धड मोठे असता, ना लहान. म्हणूनच कोपऱ्यातल्या त्या पोराशेजारी जाऊन बसणं तुम्हालाच जास्त सोपं आहे. समजावू नका. त्याला खेळायचं असेल तर खेळा आणि गेलेल्या माणसाचं नाव त्यानं काढलं, तर विषय बदलू नका.