रंगांनी नाकारले, यंत्रांनी स्वीकारले

चित्रकार होण्याची मनीषा रंगांनीच मोडावी, हा दैवदुर्विलास लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या वाट्याला आला. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंग ओळखण्यात दृष्टी उणी पडली आणि कुंचला सुटला. यंत्रांच्या आरेखनाला ही अडचण नव्हती. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले.

मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा व्यवसाय दोघांनी आरंभला. सायकल तेव्हा नवलाचे यंत्र होते; तिचे काही भाग आजही बुचकळ्यात टाकतात. उजव्या पेडलचा आटा सुलटा, डाव्याचा मात्र उलटा असतो. नवखा कारागीर सैल करू जातो आणि अधिकच आवळतो. डावीकडे सुलटा आटा असता, तर पायाच्या फिरत्या दाबाने तो हळूहळू सैल होऊन पेडल निखळले असते. अमेरिकेत राइट बंधूंनी १९०० मध्ये हीच युक्ती आपल्या सायकलींत योजली.

बढती हुकल्यावर लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावी परतले. सायकलींमागोमाग कडबा कापण्याची यंत्रे आली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे गिऱ्हाईक मिळेना. तरी त्यांनी नांगर सोडला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचा नांगर महाराष्ट्राच्या शेतात रुजला होता.