थेम्सकाठच्या भिंगऱ्या आणि गिल्बर्ट व्हाइट

हिवाळ्यात भिंगऱ्या जातात कुठे, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये कोणापाशीही नव्हते. काहींच्या मते त्या दूर देशी जात, काहींच्या मते ढोलीत वा कपारीत निजून राहत, तर उत्तर युरोपातील विद्वानांना त्या तळ्या-नद्यांच्या तळाशी दडतात असे वाटे. या कोड्याने ज्यांना आयुष्यभर पछाडले, ते गिल्बर्ट व्हाइट आधुनिक पक्षिनिरीक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक मानले जातात.

हॅम्पशायरमधील सेलबर्न या खेड्यात १८ जुलै १७२० रोजी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिक्षण घेऊन १७४४ साली ते तेथेच फेलो झाले. परंतु मानाच्या जागांपेक्षा त्यांना आपले गावच प्रिय होते. साहाय्यक धर्मोपदेशकाचे काम सांभाळत ते सेलबर्नमध्येच रमले, अविवाहित राहिले. १७५१पासून त्यांनी बागेची आणि १७६८पासून निसर्गाची नोंदवही ठेवली. पक्ष्याला मारून तपासण्याच्या त्या काळात जिवंत पक्षी न्याहाळणे, हीच त्यांची अभ्यासाची रीत होती. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन चिमुकले वटवटे वेगवेगळ्या जातींचे आहेत, हे त्यांनी मुख्यतः त्यांच्या आवाजांवरून ओळखले.

१७५७च्या सुमारास ते दरवर्षी काही आठवडे थेम्स नदीकाठच्या सनबरी गावी राहत. उन्हाळा सरून शरद लागला, की तेथे भिंगऱ्यांचे अफाट थवे जमत. एरवी धुराड्यांच्या आणि घरांच्या आश्रयाने राहणारे हे पक्षी मग गाव सोडत आणि रात्री नदीतील बेटांवरच्या विलोच्या, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातील, झुडपांत वस्तीला येत. ऐन निघण्याच्या दिवसांत त्यांना पाण्याचीच ओढ का लागावी? सप्टेंबरच्या आरंभी भिंगऱ्या पाण्याखाली जातात, अशी नोंद स्वीडनमधील एका निसर्गपंचांगात होती. ती कल्पना व्हाइट यांना विचित्र वाटे; पण डोळ्यांना दिसलेले नाकारणेही त्यांना जमेना.

त्यांचे बंधू जॉन जिब्राल्टरला धर्मोपदेशक होते. वसंतात आणि शरदात पक्षी तेथील सामुद्रधुनी ओलांडताना दिसतात, असे त्यांनी कळवले. स्थलांतर होते याविषयी व्हाइट यांना शंका उरली नाही. तरीही काही भिंगऱ्या मागे राहून शीतनिद्रा घेत असाव्यात, हा संशय सुटला नाही. १७८१च्या एप्रिलमध्ये त्यांनी दोन मजुरांना सेलबर्नच्या टेकडीवरील झुडपे आणि कपारी शोधायला लावले. हे काम चालू असतानाच एक भिंगरी गावाच्या रस्त्यावरून उडत आली आणि एका घराच्या वळचणीखालील घरट्यात शिरली. टेकडीवरील माणसांनी तर तिला उठवले नसेल, असा प्रश्न व्हाइट यांच्या मनात आला.

मात्र त्यांनी या संशयाला कधीही सिद्धान्ताचे रूप दिले नाही. टॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही पुरावे सारख्याच प्रामाणिकपणे मांडले. ही पत्रे ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबर्न’ या ग्रंथात १७८९ साली प्रसिद्ध झाली. पुढे २६ जून १७९३ रोजी व्हाइट यांचे सेलबर्नमध्येच निधन झाले. त्यांच्या साध्या थडग्यावर नावाची आद्याक्षरे आणि तारीख एवढेच कोरलेले आहे.

कोडे सुटायला आणखी शंभरहून अधिक वर्षे जावी लागली. १९११ साली स्टॅफर्डशायरमध्ये पायात वाळे घातलेली एक भिंगरी डिसेंबर १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. व्हाइट यांचा संशय चुकीचा ठरला. पण थेम्सकाठी त्यांनी पाहिलेले दृश्य खरेच होते. स्थलांतरापूर्वी भिंगऱ्या पाणवठ्यालगतच्या झुडपांत आणि बोरूच्या बेटांत एकत्र रात्र काढतात, हे आज सर्वमान्य आहे. हाच पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातील नद्या-तळ्यांवरही येतो आणि विजेच्या तारांवर रांगेने बसलेला दिसतो. त्याच्याकडे पाहणाऱ्याने मत बनवण्याआधी नोंद करावी, हा धडा व्हाइट यांनी घालून दिला.