रुडॉल्फ डिझेल

अकोला व अमरावती येथील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून रुईच्या गांठी भरून निघणारे ट्रक आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यांतले आहेत. ते ज्या तेलावर चालतात त्यास लहानथोर सर्वजण डिझेल म्हणतात. परंतु डिझेल हें मुळांत एका मनुष्याचें आडनांव आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्या थोर यंत्रशास्त्रज्ञाचें चरित्र, आणि इंजिनाच्या ज्या एका लहानशा अवयवापायीं त्यांस फार झगडावें लागलें त्याची हकीकत, वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रुडॉल्फ डिझेल ह्यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजीं पॅरिस येथें झाला. आईबाप बव्हेरियाकडील; वडील चामड्याच्या वस्तू तयार करून उदरनिर्वाह करीत. 1870 सालीं फ्रान्स व प्रशिया ह्यांच्यामध्यें युद्ध जुंपलें, आणि जर्मन म्हणून ह्या कुटुंबास पॅरिस सोडून लंडनचा आश्रय घ्यावा लागला. तेथें हलाखी ओढवल्यामुळें बारा वर्षांच्या रुडॉल्फ ह्यांस आऊग्सबुर्ग येथील नातलगांकडे धाडण्यांत आलें. ज्यांच्या घरीं ते राहिले ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. पुढें म्युनिकच्या तंत्रविद्यालयांत शिकत असतां, 1879 सालीं ऐन परीक्षेच्या वेळीं त्यांस विषमज्वर झाला. परंतु धीर न सोडतां पुढील वर्षीं त्यांनीं तीच परीक्षा उत्तम प्रकारें दिली.

म्युनिक येथें कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे गुरु होते. वाफेच्या यंत्रांत कोळशाच्या उष्णतेपैकीं जेमतेम दहावा हिस्सा कामीं येतो व बाकीची वायां जाते, हें त्यांच्या व्याख्यानांतून ऐकल्यापासून ही नासाडी थांबविण्याचा ध्यास डिझेल ह्यांस लागला. आपल्याकडे मुर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर ह्या बाजूंस जाणाऱ्या शकुंतला आगगाडीचें वाफेचें इंजिन 1994 सालीं काढून त्या जागीं डिझेल इंजिन जोडण्यांत आलें. ह्या बदलाचें बीज त्या व्याख्यानांत होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

डिझेल ह्यांची कल्पना ऐकावयास सोपी आहे. सायकलींत हवा भरतांना पंप गरम होतो, हें प्रत्येक मुलानें अनुभविलें असेल. हवा जोरानें दाबली कीं ती तापते. तेव्हां नळकांड्यांतील निव्वळ हवा दट्ट्यानें इतकी दाबावी कीं, तींत तेल सोडतांच तें ठिणगीवांचून पेट घेईल व दट्ट्यास मागें लोटील. 1892 सालीं त्यांनीं ह्या कल्पनेचें पेटंट मागितलें. 10 ऑगस्ट 1893 रोजीं आऊग्सबुर्ग येथील कारखान्यांत पहिला प्रयोग झाला. इंधन पेटलें खरें, पण दाब मोजण्याचें उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले आणि डिझेल थोडक्यांत बचावले.

खरी अडचण पुढेंच होती. दाबलेल्या तप्त हवेंत, नेमक्या क्षणीं, मोजकें तेल धुक्यासारखें बारीक करून आंत सोडावयाचें कसें? अनेक युक्त्या फसल्यावर, त्याहूनही अधिक दाबाच्या हवेच्या झोतानें तेल आंत फुंकण्याची तोड त्यांनीं पत्करली. 17 फेब्रुवारी 1897 रोजीं प्राध्यापक श्रोटर ह्यांनीं त्यांच्या इंजिनाची रीतसर परीक्षा केली, तेव्हां उष्णतेचे शंभरांतील सुमारें 26 हिस्से कामीं आलेले आढळले. 1900 सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत ह्या जातीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें. आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

तथापि तो झोत उत्पन्न करणारा पंप जड व खर्चाचा असल्यामुळें हें इंजिन कारखान्यांत व जहाजांवरच शोभलें. रस्त्यावरील गाडीस तें जोडण्याचे डिझेल ह्यांचे प्रयत्न सफल झाले नाहींत. पेटंटांचे तंटे, ढासळती प्रकृति व वाढतें कर्ज ह्यांनीं ते जर्जर झाले. 29 सप्टेंबर 1913 रोजीं अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटींत ते बसले आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपल्या खोलींत आढळले नाहींत. कांहीं दिवसांनीं समुद्रांत त्यांचें प्रेत सांपडलें. मृत्यूचें कारण अखेरपर्यंत निश्चित झालें नाहीं. जगाचें ओझें वाहणारें यंत्र ज्यानें दिलें, त्या पुरुषाचा असा शेवट व्हावा, हें वाचून मन खिन्न होतें.

त्यांच्या मागें इतरांनीं तें काम उचललें. 1923 व 1924 ह्या सालांत जर्मनींत डिझेलचे पहिले ट्रक तयार झाले. 1927 सालीं रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्यांतून तेलाचे दाबपंप बाहेर पडूं लागले आणि हवेच्या झोताची गरज उरली नाहीं. 1951 सालीं निघालेल्या बेंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीनें हा उद्योग भारतांत आणला. तिच्या नाशिकच्या कारखान्यांत इंजेक्टर व नोझल तयार होऊं लागले.

इंजेक्टर म्हणजे तेलाची पिचकारी. तिच्या टोंकाशीं असलेल्या नोझलमध्यें एक सुई स्प्रिंगनें दाबून धरलेली असते. तेलाचा दाब वाढला कीं सुई उचलली जाते व बारीक छिद्रांतून फवारा उडतो. सुई व तिचें घर ह्यांमधील फट केसाच्या जाडीहून कितीतरी पटींनीं लहान असते. म्हणून एका घराची सुई दुसऱ्यांत चालत नाहीं. छिद्रांत काजळी बसली किंवा नोझल ठिबकूं लागलें कीं ट्रक काळा धूर ओकतो, ठोके देतो व तेल अधिक खातो.

अशा वेळीं जुन्या धर्तीच्या इंजिनावर मिस्त्री एकेका नळीचा नट किंचित् सैल करून पाहतो. ज्या नळीनें इंजिनाच्या आवाजांत फरक पडत नाहीं, तेथला इंजेक्टर सदोष समजावा. मग इंजिन बंद करून, भोंवतालची धूळ झाडून, तो सरळ वर काढतात. तळाची जुनी तांब्याची वायसर आंत राहूं न देतां नवी घालतात, नवा इंजेक्टर बसवून दोन्ही बाजूंचे नट सारखे आंवळतात, आणि नळींतील हवेचे बुडबुडे निघून गेल्यावरच तिचा नट पक्का करतात. फवाऱ्यासमोर हात धरणें मात्र प्राणावर बेतूं शकतें, कारण तेल कातडी भेदून आंत शिरतें. हल्लींच्या नव्या इंजिनांत दाब ह्याहून फार मोठा असल्यामुळें चालू इंजिनाची नळी कदापि सैल करूं नये. तेथें दोष संगणकाच्या साह्यानें शोधतात.

महामार्गाच्या कडेस बसून हें काम निगुतीनें करणाऱ्या कारागिरास आम्हीं केवळ मजूर समजत नाहीं. जो अवयव डिझेल ह्यांस शेवटपर्यंत मनाजोगा साधला नाहीं, तो आज त्याच्या हातीं सोंपविलेला आहे. कणभर धूळ आंत गेली तर सारें काम व्यर्थ होतें, हें तो जाणतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी नवें यंत्र शोधील, कोणी चालत्या यंत्राची निगा राखील. बारीक कामांतील चोखपणा दोघांसही सारखाच लागेल.