अहमदाबादच्या आयआयएमला गिलावा का नाही? लुई कान यांची गोष्ट

अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचा जुना कॅम्पस पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटू शकतं, की काम अर्धवट सोडून गवंडी निघून गेलेत. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही. जिकडे बघावं तिकडे लाल विटा, भल्यामोठ्या कमानी आणि भिंतीत कापल्यासारखी गोल भोकं. पण हे काम अर्धवट नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. हा कॅम्पस ज्यांनी रचला ते लुई कान विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या आर्किटेक्टांपैकी एक. या इमारती अशा का दिसतात हे समजून घ्यायचं तर आधी त्यांचं आयुष्य बघावं लागतं.

कान यांचा जन्म १९०१ सालचा, आजच्या एस्टोनियातला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. घर ज्यू आणि गरीब. तीन वर्षांचे असताना शेगडीतले लालभडक निखारे त्यांना इतके आवडले की त्यांनी ते कपड्यात घेतले. कपड्यांनी पेट घेतला, चेहरा भाजला आणि ते व्रण जन्मभर राहिले. पुढे उजेड हाच त्यांच्या कामाचा गाभा झाला, म्हणून ही गोष्ट त्यांच्याबद्दल हमखास सांगितली जाते.

१९०६ मध्ये कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फियाला आलं. मुलगा चित्रं उत्तम काढायचा आणि मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून चार पैसे मिळवायचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी १९२४ मध्ये आर्किटेक्चरची पदवी घेतली. पुढे जागतिक मंदी आली आणि कामच मिळेना. लग्न झालेलं होतं. पत्नी एस्थर यांच्या पगारावर घर चालायचं. नंतरची बरीच वर्षं कामगारांच्या वसाहती आणि किरकोळ घरं करण्यात गेली. पन्नाशीला आले तरी नाव व्हावं अशी एकही इमारत त्यांच्या खात्यावर नव्हती.

१९५०-५१ मध्ये रोममधल्या अमेरिकन अकॅडमीत राहण्याची संधी मिळाली. तिथून ते ग्रीस आणि इजिप्तही फिरून आले. जगभरचे आर्किटेक्ट तेव्हा काच आणि पोलादाच्या हलक्या, चकचकीत इमारतींच्या प्रेमात होते. कान मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचे पडके अवशेष बघत बसले. त्या अवशेषांवरचा संगमरवर, रंग, छप्पर सगळं गळून गेलं होतं. उरली होती ती जाड भिंत, कमान आणि तिच्यातून आत येणारं ऊन. इमारत उभी कशी राहिली आहे हे तिच्याकडे बघूनच कळलं पाहिजे, हे तत्त्व त्यांनी तिथून उचललं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

अमेरिकेत परतल्यावर गाडी रुळावर आली. येल विद्यापीठाची आर्ट गॅलरी १९५३ मध्ये झाली, मग स्वतःच्या जुन्या विद्यापीठात रिचर्ड्स प्रयोगशाळा. या प्रयोगशाळेनं त्यांना प्रसिद्धी दिली, पण आत काम करणारे शास्त्रज्ञ वैतागले. खिडक्यांतून ऊन थेट डोळ्यांवर यायचं, म्हणून लोकांनी काचांवर चमचमता कागद चिकटवला. उजेडाच्या भक्ताला उन्हानंच धडा दिला म्हणायचं. पुढे अंगोलातल्या लुआंडा इथं अमेरिकी वकिलातीचं काम आलं. ते बांधलं गेलं नाही, पण तिथल्या रणरणत्या उन्हात त्यांना एक युक्ती सुचली: खऱ्या भिंतीच्या पुढं आणखी एक भिंत उभी करायची, तिला मोठी भोकं ठेवायची, म्हणजे ऊन बाहेरच्या भिंतीवर अडेल आणि आत नुसता उजेड झिरपेल. ही युक्ती उपयोगी पडली ती अहमदाबादेत.

अहमदाबादेत विक्रम साराभाई आणि गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकारानं १९६१ मध्ये आयआयएम सुरू झालं होतं. इमारतीसाठी विचारणा झाली ती बाळकृष्ण दोशींकडे. दोशी मूळ पुण्याचे, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले आणि ल कार्बुझिए यांच्या हाताखाली तयार झालेले. इतकं मोठं काम समोर असताना त्यांनी कान यांचं नाव पुढं केलं आणि स्वतः सहकारी म्हणून राहिले. १९६२ मध्ये कान भारतात आले. त्याच सुमारास ढाक्याच्या संसद भवनाचं कामही त्यांच्याकडे आलं आणि पुढची बारा वर्षं त्यांच्या या उपखंडात फेऱ्या सुरू राहिल्या.

साठच्या दशकातल्या भारतात सिमेंट आणि पोलाद महाग आणि टंचाईचं. वीट मात्र स्थानिक, आणि ती रचणारे हातही भरपूर. वर्गात कान विटेशी गप्पा मारत असल्यासारखं बोलायचे. त्यांच्या मते विटेला कमान व्हायचं असतं, आणि काँक्रीटची तुळई स्वस्त पडते असं सांगून तिला गप्प बसवता येत नाही. ऐकायला हे गूढ वाटतं, पण त्यामागे साधं गणित आहे. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. सरळ आडवी रचली तर मधोमध तुटेल. कमानीत रचली तर प्रत्येक वीट शेजारणीवर दाबली जाते आणि सगळं उभं राहतं.

अडचण एवढीच की कमान आपले पाय बाहेर ढकलते. जितकी चपटी तितकी जास्त. जुने कारागीर त्यासाठी बाजूला जाडजूड भिंती घालायचे. कान यांनी कमानीच्या दोन पायांमध्ये काँक्रीटची तुळई आडवी बांधली. धनुष्याला दोरी असते तशी ती पाय फाकू देत नाही. त्यामुळे चपट्या कमानी घालता आल्या आणि खाली रुंद मोकळी जागा मिळाली. वीट दाब घेते, काँक्रीट ताण घेतं, आणि कोण काय करतंय ते बाहेरून उघड दिसतं. गिलावा लावला असता तर हे सगळं झाकलं गेलं असतं. म्हणून तो नाही.

उन्हाचा बंदोबस्त लुआंडाच्या युक्तीनं झाला. खोल्यांच्या खिडक्या बाहेरच्या भिंतीपासून आत सरकवल्या, मध्ये खोल सावलीचे व्हरांडे ठेवले आणि बाहेरच्या भिंतीत ती प्रसिद्ध गोल भोकं. वसतिगृहं तिरपी मांडली, म्हणजे वारा आत शिरावा. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात ही हौस नव्हे, गरज होती.

पण कान यांचा खरा हट्ट वेगळाच होता. त्यांच्या मते शिक्षण फक्त वर्गात होत नाही. वर्ग सुटल्यावर जिन्यात आणि चहाच्या कपावर जे बोलणं चालतं, तेही शिक्षणच. म्हणून वर्गांबाहेरचे मार्ग थांबून बोलता येईल एवढे रुंद केले. वसतिगृहात दहा-दहा खोल्या जिना आणि चहाच्या खोलीभोवती बसवल्या. लांबलचक बोळच ठेवला नाही. खोलीतून बाहेर पडलं की माणूस भेटणारच. वर्ग, ग्रंथालय आणि प्राध्यापकांच्या कचेऱ्यांच्या मध्ये मोठा मोकळा चौक ठेवला, जिथं आज पदवीदान होतं. वसतिगृहं आणि प्राध्यापकांची घरं यांच्यामध्ये तळं असावं असंही त्यांच्या मनात होतं. ते कधी झालं नाही.

कामं हळू चालायची, आराखडे बदलत राहायचे. कान यांना पैशाचा हिशेब जमायचा नाही. घरचा हिशेबही सरळ नव्हता: एस्थर यांच्याशी संसार चालू असताना आणखी दोन स्त्रियांपासून त्यांना एकेक मूल होतं. १९७१ च्या अखेरीस विक्रम साराभाई गेले. ढाक्याचं काम त्याच वर्षीच्या युद्धात अडकलं होतं.

मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनच्या स्वच्छतागृहात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ७३. जगप्रसिद्ध आर्किटेक्टचा मृतदेह दोन दिवस शवागारात पडून होता आणि घरच्यांना पत्ता नव्हता. मागं त्यांच्या फर्मवर सुमारे पाच लाख डॉलरचं कर्ज निघालं.

अहमदाबादचं उरलेलं काम अनंत राजे यांनी पुढं नेलं. मुंबईत जन्मलेले, जे. जे.मध्ये शिकलेले राजे फिलाडेल्फियात कान यांच्या कार्यालयात काम करून आले होते. कॅम्पसमधल्या पुढच्या इमारती त्यांनी त्याच विटांच्या भाषेत, पण स्वतःच्या बुद्धीनं बांधल्या. मधल्या चौकाला लुई कान प्लाझा हे नाव मिळालं.

उघड्या विटेची किंमत मात्र नंतर मोजावी लागली. गिलावा नाही म्हणजे पावसापासून संरक्षण नाही. पाणी मुरलं, विटा झिजल्या, आतल्या सळया गंजून भिंतींना तडे गेले. त्यात २००१ चा भूकंप. मुंबईच्या सोमाया अँड कलप्पा या फर्मनं विक्रम साराभाई ग्रंथालयाची डागडुजी केली आणि २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. वाटलं, मार्ग सापडला. पण डिसेंबर २०२० मध्ये संस्थेनं १८ पैकी १४ वसतिगृहं पाडण्याचा प्रस्ताव आणला. जगभरच्या आर्किटेक्टांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला, आणि १ जानेवारी २०२१ ला तो मागं घ्यावा लागला.

संस्थेची बाजू अगदीच पोकळ नव्हती. छतावरून तुकडे पडत असतील तर मुलांना त्या खोल्यांत ठेवायचं कसं? आणि विरोधकांचा सवालही खरा होता: ग्रंथालय दुरुस्त होऊ शकतं, तर वसतिगृहं का नाही? नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेनं पुन्हा काही इमारतींच्या पुनर्बांधणीचा निर्णय जाहीर केला.