एर्नी डेव्हिस : एक अपुरी धाव

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल हा निराळाच खेळ आहे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू काखेत दाबून धावायचे आणि प्रतिपक्षाच्या अकरा जणांनी त्या धावणाऱ्याला धरून खाली पाडायचे, हा त्याचा मुख्य भाग. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर गेला. शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, म्हणजे ६ गुण. चेंडू घेऊन धावण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याला रनिंग बॅक म्हणतात. हा खेळ समजून घेताना मला आपल्या कबड्डीतल्या चढाईची सारखी आठवण येत होती; फक्त येथे परत फिरून यायचे नसते.

एर्नी डेव्हिस हा असा एक रनिंग बॅक. त्याचा जन्म १४ डिसेंबर १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या न्यू सालेम गावचा. वडील त्याच्या जन्माआधीच अपघातात गेले. आईचे वय लहान, म्हणून तो युनियनटाउन येथे आजी-आजोबांकडे वाढला. आजोबा कोळशाच्या खाणीत काम करीत. लहानपणी एर्नी बोलताना अडखळत असे. बाराव्या वर्षी तो न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी आईकडे आला आणि तेथील शाळेत बास्केटबॉल व फुटबॉल या दोन्ही खेळांत चमकला. त्याच्या शाळेच्या बास्केटबॉल संघाने ओळीने ५२ सामने जिंकले.

पुढे अनेक कॉलेजे त्याच्या मागे लागली. सिरॅक्यूज विद्यापीठातर्फे त्याला भेटायला आला तो जिम ब्राऊन. हा त्याच विद्यापीठाचा माजी रनिंग बॅक, तोही कृष्णवर्णीय. घरातून कॉलेजात जाणारे आपण पहिलेच असलो म्हणजे अगोदर त्या वाटेने गेलेल्या माणसाच्या शब्दाला किती वजन असते, हे मला ठाऊक आहे. माझ्या बाबतीत हे काम गावच्या एका मास्तरांनी केले. एर्नीने सिरॅक्यूज निवडले आणि ब्राऊनचाच ४४ नंबरचा शर्ट अंगावर चढवला.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे एर्नीच्या वाट्याला अवघे तीन हंगाम आले. त्यांतला पहिलाच, १९५९ चा, सिरॅक्यूजच्या इतिहासातला सर्वांत मोठा ठरला. प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवाल्डर यांचा संघ एकही सामना हरला नाही. शेवटी १ जानेवारी १९६० रोजी डॅलस येथे ‘कॉटन बोल’ सामन्यात टेक्सास विद्यापीठाशी गाठ पडली. एर्नीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला होता. तरीही सुरुवातीलाच त्याने ८७ यार्डांचा टचडाऊन केला. नंतर आणखी एक केला. पूर्वार्ध संपता संपता मैदानावर हाणामारीही झाली. सिरॅक्यूजने सामना २३–१४ असा जिंकला, संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून एर्नीची निवड झाली.

त्या रात्री मेजवानी होती. वर्णभेद पाळणाऱ्या त्या जागेत एर्नीला व त्याच्या कृष्णवर्णीय सोबत्यांना बक्षीस घेण्यापुरते येण्याची मुभा होती. बक्षीस घेतले की बाहेर जायचे. दुपारी ज्याच्या धावण्यावर हजारो माणसे उभी राहिली, त्याला रात्री पंक्तीत पान नव्हते. हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला फार समजावून सांगावे लागणार नाही.

२००८ साली त्याच्यावर ‘द एक्स्प्रेस’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा एक सामना परगावी, चवताळलेल्या प्रेक्षकांसमोर झालेला दाखवला आहे. प्रत्यक्षात तो सिरॅक्यूजच्याच मैदानावर झाला होता. चित्रपटवाल्यांनी असे का करावे कळत नाही. खरे घडलेले काय कमी होते?

तीन हंगामांत एर्नीने २,३८६ यार्ड धाव घेतली, म्हणजे दर खेपेला सरासरी ६.६ यार्ड. ब्राऊनचे विद्यापीठातले विक्रम त्याने मागे टाकले. अमेरिकेत कॉलेजच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला १९३५ पासून हाइझमन करंडक देतात. १९५६ साली ब्राऊनसारखा खेळाडू त्यात पाचवा आला होता, आणि करंडक मिळाला होता १० पैकी ८ सामने हरलेल्या संघातल्या पॉल हॉर्नंगला! १९६१ मध्ये तो एर्नीला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये असलेल्या अध्यक्ष केनेडींनी त्याला मुद्दाम भेटीस बोलावले.

त्यानंतर व्यावसायिक संघांची निवड झाली आणि त्यातही सर्वांच्या आधी एर्नीचेच नाव पुकारले गेले. पुकारणारा संघ होता वॉशिंग्टनचा. त्या संघात तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. संपूर्ण लीगमध्ये असा तो शेवटचा संघ. त्याचे नवे मैदान सरकारी जमिनीवर होते, म्हणून केनेडींचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी मालकाला पेचात धरले होते. वॉशिंग्टनने एर्नीचे हक्क क्लीव्हलँड ब्राऊन्सला देऊन बॉबी मिचेल व लेरॉय जॅक्सन हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. अशा रीतीने एर्नी त्या संघातून एकदाही न खेळता त्याचे दार उघडले गेले. क्लीव्हलँडमध्ये तर जिम ब्राऊन होताच. दोघे एकाच संघातून धावणार, म्हणून लोक वाट पाहू लागले.

तो दिवस उजाडला नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या एका सामन्याची तयारी करताना तो आजारी पडला. रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आरंभी आजाराचे नाव त्याला सांगितलेच नाही. ते कळले ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, क्लीव्हलँडच्या मैदानावर एका सामन्यापूर्वी दिव्याच्या झोतात त्याला प्रेक्षकांसमोर आणले गेले. पण खेळायचे नव्हते. पुढे आजार काही काळ ओसरला तेव्हा त्याला खेळू द्यावे असे मालक आर्ट मॉडेल यांना वाटत होते, प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी नकार दिला. मला स्वतःला प्रशिक्षकांचे बरोबर वाटते. पण एर्नीच्या जागी मी असतो तर असे वाटले असते का, हे सांगवत नाही.

मार्च १९६३ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात त्याचा लेख आला. आपण दुर्दैवी नाही, असे त्याने त्यात म्हटले होते. मे महिन्यात एके दिवशी तो मॉडेल यांच्या कचेरीत जाऊन आपण थोडे दिवस इस्पितळात जात असल्याचे सांगून आला. १८ मे १९६३ रोजी तो वारला. वय २३. अंत्यदर्शनाला एल्मायरात सुमारे १०,००० माणसे आली. १९७९ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्याची निवड झाली, तर सिरॅक्यूजने ४४ हा नंबर २००५ मध्ये निवृत्त केला. जेथे तो शिकला त्या शाळेला त्याचे नाव दिले गेले.

एल्मायराच्या वुडलॉन दफनभूमीत त्याला पुरले आहे. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजी घेतलेल्या मुलांना मार्क ट्वेन माहीत असतो. त्याचीही समाधी त्याच दफनभूमीत आहे.