गरिबांचे वकील संत इव्हो

कोर्टाची पायरी चढायची म्हटली की गरिबाच्या पोटात गोळा येतो. १९ मे रोजी आपण ज्यांचा सण पाळतो, ते संत इव्हो अशांच्याच पाठीशी उभे राहिले. १२५३ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सधन घरात त्यांचा जन्म झाला. पॅरिस व ऑर्लेआं येथे कायदा शिकून ते धर्मन्यायालयाचे न्यायाधीश झाले. लाच त्यांनी कधी घेतली नाही. विधवा-अनाथांचे खटले ते इतर न्यायालयांत विनामूल्य चालवीत. पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी आपले घर निराधारांना खुले केले. १३०३ साली ते देवाघरी गेले. १३४७ साली त्यांना संतपद मिळाले.

आपल्या धर्मग्रामात शिकलेले पुष्कळ आहेत. कामावर जायबंदी झालेल्या मजुराचा भरपाईचा अर्ज लिहून द्यायला आपल्यापैकी कोण पुढे येईल?